ह्यूबर्टमामाचा पंखा

फ्रॅम्लिंगम, सफोक
३ मार्च १९६४

चि. रोलंडास मिलीमावशीचे आशीर्वाद, आणि आशीर्वादामागोमाग एक काम.

तू शाळेत पोरांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवतोस, तेव्हा हे तुलाच जमेल. आपल्या बैठकीच्या खोलीतला विमानाचा लाकडी पंखा आठवतो ना? लहानपणी त्याला लोंबकळलास म्हणून आजीने तुझा कान धरला होता. तो आता चर्चमध्ये लावायचाय. खाली पितळी पाटी: ‘लेफ्टनंट ह्यूबर्ट गॅरड यांच्या विमानाचा पंखा, १९१७’. तुझ्या मामाचा देह सापडला नाही, कबर नाही. निदान पाटी तरी असावी. पण आमच्या पाद्रीबुवांना इतिहासाची भारी हौस. म्हणतात, मिस गॅरड, घडवणाऱ्याचंही नाव असलं तर किती छान! मी म्हटलं, शोधणार कोण, तुम्ही?

पंख्याच्या मधल्या भोकाभोवती काही अक्षरं ठोकलेली आहेत. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. तो ठसा सोबत पाठवते. पंखा मी रोज पुसते, पण ती अक्षरं कधी वाचली नव्हती. ईस्टरनंतरच्या रविवारी कार्यक्रम आहे, जरा पाय उचल.

मार्गारेटला सांग, तिच्या जॅमला या खेपेला साखर कमी पडली. तरी सुनेवर आणि तुझ्यावर माझी माया आहे तशीच आहे.

मिलीमावशी


कॉव्हेंट्री
१४ मार्च १९६४

ती. मिलीमावशीस सा. न. आणि इथल्या धुरातून विशेष.

तुझा निरोप मार्गारेटला दिला. पुढच्या खेपेला मावशींना नुसती साखरच पाठवते, म्हणाली.

ठसा झकास उतरलाय. त्यातले आकडे पंख्याची लांबी, त्याचा पीळ आणि इंजिनाची ताकद सांगतात. कडेला वर्तुळात ‘पी. बी.’ आहे, ती घडवणाऱ्याची खूण. लंडनच्या संग्रहालयातल्या एका गृहस्थांना दाखवली. या आद्याक्षरांचे तीन कारखाने होऊन गेले म्हणे. मग मी नाताळात काढलेला फोटो पुढे केला. पंख्याच्या लाकडात एक थर अक्रोडाचा, एक महोगनीचा, असं आलटून पालटून आहे. ते लगेच म्हणाले, हे इप्सविचचे पेल अँड ब्रॅडिंग. पियानोवाले! युद्धात पियानो कोण घेणार, म्हणून पंखे करू लागले.

पुढचं लिहायला पेन उचलेना, पण तुझ्यापासून लपवणार नाही. त्यांनी पंखे करायला घेतले ते १९१८च्या वसंतात. मामा गेला आदल्या ऑक्टोबरात. शिवाय पंख्यावर दोनशे अश्वशक्तीचं इंजिन लिहिलंय, आणि मामाचं विमान एकट्याने उडवायचं, चिमुकलं; त्याच्या इंजिनात एवढा जोर नव्हता. पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. मावशी, हा पंखा मामाच्या विमानाचा नाही.

पाटी थांबवता आली तर थांबव. माझ्यावर रागाव, हवं तेवढं बोल, पण अबोला नको.

तुझा, रोलंड


फ्रॅम्लिंगम
१७ मार्च

रोलंड,

पत्र मिळालं. युद्ध संपल्यावर तो पंखा कॅप्टन मॅलिसन यांनी स्टेशनपासून खांद्यावर वाहून आणला आणि आईच्या स्वाधीन केला. ह्यूबर्टचा तुकडीतला जिवलग मित्र. तो खोटं बोलला, असं तुझं म्हणणं? गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, हे तुझ्या शाळेत शिकवत नाहीत वाटतं. पाटी तयार आहे. तू आला नाहीस तरी अडणार नाही.

मिली गॅरड


कॉव्हेंट्री
७ एप्रिल १९६४

ती. मावशीस सा. न., आणि मनापासून काळजी.

ईस्टर गेला, तुझी एक ओळ नाही. पाद्रीबुवांना फोन केला, तर कार्यक्रम रहित झाल्याचं कळलं. कारण विचारलं, तर मिस गॅरडनाच विचारा, म्हणाले. तुझी शेजारीण सांगते, तू सकाळच्या बसने कुठेतरी जातेस आणि संध्याकाळीच परततेस. कॅप्टन मॅलिसनना खोटारडं ठरवायचं माझ्या मनातही नव्हतं गं. दोन ओळी टाक. शिव्या असल्या तरी आनंदाने वाचीन.

तुझा भाचा (अजून असलो तर), रोलंड


फ्रॅम्लिंगम
१२ एप्रिल १९६४

चि. रोलंडास मावशीचे आशीर्वाद. भाचा आहेस, कुठे जातोस?

मी इप्सविचला जात होते, तुला खोटं पाडायला. कारखान्याच्या जागी आता मोटारीचे टायर विकतात. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण प्रार्थनामंदिरातल्या बायकांनी मिसेस लॉफ्ट्स यांचं घर दाखवलं. बिअट्रिस लॉफ्ट्स, वय सत्तरीचं, पियानोवाल्यांकडे पंख्यांना वॉर्निश लावायच्या. तुझा फोटो दाखवताच म्हणाल्या, अगं बाई, हे तर आमचंच! आणि काम सुरू झालं ते नक्की अठरा सालीच. मी उठूनच निघाले होते. त्यांनी हात धरून बसवलं, आणि चहा पिऊन जा, म्हणाल्या.

चहा पिताना त्यांनी सांगितलं, प्रत्येक पंखा बाहेर पडताना त्या त्याला थोपटायच्या आणि म्हणायच्या, जा बाबा, ज्याला नेशील त्याला परत आण. मी विचारलं, कुणाला उद्देशून? म्हणाल्या, ते मला कसं कळणार? कुणाच्या तरी लेकाला. त्यांनी मला विचारलं, तुमचा परत आला का? मी नाही म्हटलं. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. त्यानंतर दोनदा गेले, नुसती बसायला.

मॅलिसनचंही आठवलं. आधी तो रिकाम्या हातांनी आला होता. आईने विचारलं, माझ्या लेकाचं काहीच उरलं नाही का रे? तो चहा तसाच टाकून निघाला. महिन्याभराने पंखा घेऊन आला. तेव्हा लष्कराचं असलं सामान मोडीत विकायला काढलं होतं. त्यातूनच आणला असणार. आईसमोर दुसऱ्यांदा रिकाम्या हातांनी उभं राहणं त्याला जमलं नाही, इतकंच. मी त्याच्या जागी असते तर मीही आणला असता.

पाटी मोडीत घातली. पाद्रीबुवा हळहळले. पंखा इथेच राहील, आणि विचारणाऱ्याला मी सांगेन की तो इप्सविचच्या बायकांनी घडवलाय.

एक सलतंय. फ्रान्समध्ये अरासला, ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा वैमानिकांची नावं एका दगडी भिंतीवर कोरली आहेत. ह्यूबर्टचंही आहे. भिंत उभी राहिली तेव्हा बाबांनी आईला विचारलं, जाऊन येऊ या का? आई म्हणाली, कशाला, तो तर घरी आहे. बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. दोघंही न बघताच गेले, आणि मीही घरीच राहिले, पंखा पुसत.

मला जायचंय. शाळेला सुट्टी लागली की नेशील? पासपोर्ट कसा काढतात ते कळव. चौसष्टाव्या वर्षी फोटोला हसायचं असतं की नाही, तेही. मार्गारेटलाही घे. बोटीवर जॅम मी आणीन, गोड असेल.

माझ्या त्या कडू चिठ्ठीमागची माया ओळखलीस, तशीच पुढेही ओळखत राहा.

तुझी, मिलीमावशी