उष्टा गूळ

१४ डिसेंबर १९८६, मुलुंड

आज मुलुंडला पोचले. मालवणहून रात्रभर एस.टी.त होते, तरी ताजीतवानी आहे असं लिही. जयवंत, माझा मुलगा, ठाण्याला घ्यायला आला होता. आई, दमलीस का, म्हणाला. म्हटलं, धावत होती ती बस, मी तर बसून होते.

लिहिते आहे ती माझी नात क्षमा. नववीत आहे. शाळेच्या मराठीच्या बाईंनी महिनाभर रोजनिशी लिहायला सांगितली आहे आणि हिला दोन ओळींच्या पुढे काही सुचत नाही. म्हणाली, आजी तू बोल, मी लिहिते, नाहीतरी तुझ्या तोंडाला विश्रांती कुठे असते! मला अक्षरओळख नाही. तेव्हा मी माकड म्हटलं तर माकडच लिहायचं, क्षमाताई लिहायचं नाही. (लिहिलं.)

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या नि एक गॅलरी. गॅलरीतून डोंगर दिसतो आणि हात लांब केला तर शेजारणीच्या तुळशीची मंजिरी मिळते. मी घेतलीसुद्धा. सून सुलक्षणा घाटकोपरला हापिसात जाते, तिने स्वयंपाकघर माझ्या ताब्यात देताना जरा जास्तच आनंद दाखवला. मी येताना कुळथाचं पीठ, आमसुलं आणि गुळाची अर्धी ढेप आणली. ढेपेचा पत्ता मुंग्यांनी तासाभरात शोधून काढला. जयवंताला मी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली चिठ्ठी मिळायला आठवडा लागला होता.

नियम एकच सांगितला. माझ्या ओट्यावर उष्टं चालणार नाही. लग्नानंतर सासूने नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायला वाढलं, तेव्हा मी ताट विसळून घेतलं होतं. सासू आठ दिवस बोलली नाही. फार सुखाचे गेले ते दिवस.

१६ डिसेंबर

क्षमा धावते, हे मला ठाऊक होतं. किती धावते ते आज कळलं. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी रात्री शाळा-शाळांची शर्यत आहे. मार्वेच्या जेटीवरून निघायचं, मालाड, बोरिवली करत घोडबंदरच्या जंगलातल्या रस्त्याने ठाणं, आणि उजाडता उजाडता मुलुंडला शाळेच्या मैदानात. सहा मुली, आळीपाळीने धावायचं. एक धावत असताना बाकीच्या मॅटाडोरमधून मागे मागे. रात्रभर धावून पोचायचं कुठे, तर आपल्याच शाळेत. मी म्हटलं, मग निघता कशाला गो?

संध्याकाळी खेळाच्या नलिनीबाई घरी आल्या. या शर्यतीतून एक मुलगी जिल्ह्याच्या संघात जाणार, आणि ती क्षमा असावी असं त्यांच्या मनात आहे. क्षमा शेवटचा टप्पा धावणार. जयवंताची छाती फुगली. बाई पस्तिशीच्या असतील, पण बोलताना तोंडावर रुमाल. चिवड्याला हात लावला नाही, चहा तेवढा घेतला. त्या गेल्यावर क्षमा म्हणाली, बाईंना पूर्ण कवळी आहे. या वयात! गाडीत मुलींबरोबर कोणी मोठं बाईमाणूस हवं, असं त्या म्हणत होत्या. मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं.

१९ डिसेंबर

आज मी सराव बघायला गेले. मुलींसाठी कोकम सरबत नेलं होतं. जे बघितलं ते जसंच्या तसं लिही.

माणिक नावाची उंच मुलगी मैदानाला फेरी मारून आली. हातातली दांडी क्षमाच्या हातात दिली. इथवर ठीक. मग तिने गालातून तपकिरी गोळा जिभेने पुढे आणला, तळहातावर काढला, त्याला लाळेची तार लोंबत होती, आणि माझ्या नातीने तो उचलून तोंडात टाकला. आणि धावत सुटली!

मी ओरडले. पोरी हसायला लागल्या. अहो आजी, तो आमचा लकी गूळ आहे, माणिक म्हणाली. दांडी पंचांना दाखवायला असते, खरा गूळ या तोंडातून त्या तोंडात जातो. तोंडात असला की तहान लागत नाही, दम लागत नाही, शाळा दर वर्षी पहिली येते. किती वर्षं चालू आहे विचारलं, तर म्हणे नलिनीबाई स्वतः धावत होत्या तेव्हापासून. म्हटलं, न विरघळणारा गूळ मी जन्मात बघितला नाही. तर ती म्हणते, झकास लागतो आजी, चाटून बघता?

हसताना बघितलं. तिची उजवीकडची मागची दाढ नव्हती. तिच्या शेजारच्या मुलीचीही नव्हती. चॉकलेटं खा आणखी, म्हटलं मी.

सरबताला कोणीच तोंड लावलं नाही. तहानच नाही म्हणाल्या.

२१ डिसेंबर

ते आता घरात आलं आहे.

शेवटचा टप्पा धावणारीने आधीचा आठवडा गूळ घरी सांभाळायचा, अशी यांची रीत. पत्र्याची डबी, आत ओलं फडकं, फडक्यात तो गोळा. फडकं ओलं ठेवायचं ते पाण्याने नाही. क्षमा सकाळ-संध्याकाळ त्यात थुंकते. माझ्या घरात, ओट्यापासून चार हातांवर. लिही, लाजू नकोस, थुंकताना नाही लाजलीस ती!

वास शिळ्या तोंडाचा, पहाटे न धुतलेल्या. मी डबी माझ्या ढेपेशेजारी ठेवून बघितली. ढेपेवर मुंग्यांची रांग. डबीपाशी आली की रांग वळते, लांबून वळसा घालून जाते. ज्या गुळाला मुंगी नाही तो गूळ नव्हे, हे मी जयवंताला सांगितलं. तो म्हणाला, आई, आम्ही शाळेत असताना एक बर्फाचा गोळा पाच जण चोखायचो, मेलो का? सुलक्षणा म्हणाली, जिल्ह्याचा संघ म्हणजे लहान गोष्ट नाही हो सासूबाई, आठ दिवस डोळेझाक करा.

२३ डिसेंबर

मी डोळेझाक केली नाही. क्षमा शाळेत गेल्यावर डबी उघडली. चिमट्याने उचलला तर मऊ लागला, आणि गरम. कोणाच्या तरी तोंडातून आत्ताच काढल्यासारखा. शी! फडकं कचऱ्यात टाकलं. तांब्याची भांडी घासतात तसा चिंच आणि मीठ लावून चांगला घासला. वरची बुळबुळ निघत गेली तसे आत बारीक पांढरे खडे दिसले. म्हटलं, वाळू असेल. मग सुपात घालून गॅलरीत पापडांशेजारी उन्हात ठेवला. दुपारपर्यंत आक्रसून सुपारीएवढा झाला. मनाला बरं वाटलं. कोरड्या डबीत कोरडा ठेवून दिला. धावायचंच आहे ना उष्टं घेऊन, निदान घासलेलं घेऊन धावा.

हे सांगितलं तेव्हा क्षमाने लिहिणं थांबवलं. म्हणाली, आजी, गूळ कधीही सुकू द्यायचा नाही, बाईंनी शपथ घातली होती. मग म्हणाली, बाईंना कळलं तर मला संघातून काढतील, तू बोलू नकोस. मी बोलले नाही.

२५ डिसेंबर

दुपारी फळीवर कटकट आवाज येत होता. घुशीने काही कुरतडावं तसा. आवाज डबीतून होता.

उघडली. ते खडे नाहीत. दात आहेत. दाढा. पोरींच्या दाढा, लहान-मोठ्या, दाटीवाटीने बसलेल्या, आणि त्या एकमेकींवर घासत होत्या. मधल्या फटीतून तांबडं मांस. मला बघून, नाही, बघणार कशाने, पण माझा श्वास लागला तशा त्या थांबल्या आणि गोळा माझ्या तोंडाच्या दिशेने कलंडला.

क्षमाला पकडून आ करायला लावलं. उजवीकडची दाढ नाही. गेल्या सरावात गेली म्हणते. दुखलं नाही, गुळातच राहिली, सगळ्यांचीच जाते. आई ओरडेल म्हणून बोलली नाही.

मी डबी घेऊन खाली गेले आणि बिल्डिंगमागच्या गटारात फेकली. वर येत होते तर क्षमा मला ओलांडून जिना उतरत होती. कोपरापर्यंत हात घालून गटार ढवळलं तिने. काळे हात घेऊन वर आली, डबी छातीशी धरलेली. म्हणाली, आजी, बाकीच्या पाच जणींनी वर्षभर घाम गाळला आहे, माझ्यामुळे हरायचं का?

जयवंताला सगळं सांगितलं. त्याने डबी हलवून बघितली. खडीसाखरेसारखं वाजतंय, म्हणाला. आई, तुला इथली हवा मानवत नाही.

२७ डिसेंबर, सकाळ

आज शर्यत. मी गाडीत असणार. शेवटच्या टप्प्यावर माणिककडून गूळ क्षमाकडे जाईल. तिथे मी मध्ये उभी राहीन. ते हिच्या तोंडात जाऊ देणार नाही. हे तिच्यासमोर बोलते आहे आणि ती हेही लिहिते आहे.

२८ डिसेंबर

क्षमाच लिहिते आहे. हात चालतो तिचा. बोलत नाही. तोंड उघडत नाही.

पहिली मुलगी मालाडला गाडीत चढली तेव्हा हसत होती, दात लाल. आज गूळ खरखरीत लागतोय म्हणाली, नि ओंजळीत थुंकली. ओंजळीत नुसती लाळ नव्हती, रक्त होतं. दुसरीने खिडकीतून ओकलं. तिसरी बोलेना. गाडीभर तो वास, रक्ताचा आणि लाळेचा. मी प्रत्येकीला चूळ भरायला पाणी देत होते आणि बाईंना सांगत होते, थांबवा. बाई पुढच्या सीटवर. रुमाल तोंडावर. कोणी सुकवला, एवढंच विचारत होत्या. मी म्हटलं, मी. तेव्हा त्यांनी मागे वळून जे बघितलं माझ्याकडे—

घोडबंदरच्या रस्त्याने माणिक आली. मी क्षमाचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते. हात धरले. तोंड धरायला हवं होतं. माणिकने तळवा पुढे केला. निघताना सुपारीएवढा होता तो, आता लिंबाएवढा. माणिकने द्यायच्या आधीच तो— हिने ओठ मिटले होते, मी बघितलं, मिटले होते— आणि तळव्यावर काहीच राहिलं नाही.

धावली. कधी नव्हे इतकी धावली. शाळा पहिली आली. हार घातले. बाईंनी डबी पुढे धरली.

क्षमाने मान हलवली. नाही.

२९ डिसेंबर, सकाळ

डॉक्टर म्हणाले दातखीळ बसली आहे. सुई दिली. दातखीळ बसलेलं तोंड असं चावत नाही. गाल आतून हलतो. उजवा, मग डावा. सारखं चावणं चालू आहे, आणि हिच्या हनुवटीवरून लाळ गळते, मी पुसते, पुन्हा गळते, त्यात आज एक दात आला. पुढचा.

काल पहाटेपासून पाणी गेलेलं नाही पोटात. ओठाला लावलं की आत कोणीतरी ओढून घेतं. घशापर्यंत पोचतच नाही.

दुपार

नलिनीबाई आल्या होत्या. दारातच उभ्या. म्हणाल्या, ओला होता तोवर मागितला की देत होता. सुकवलात, आता तो भुकेला आहे. असाच एकदा सुकला होता. तेव्हा दवाखान्यात चिमट्याने ओढला, तर त्या मुलीची जीभ तुटून आली, तो आतच राहिला. भुकेला असताना तो आपणहून निघतो तो फक्त दुसऱ्या उघड्या तोंडासाठी. त्या वेळी मी तोंड उघडलं होतं, माझी जीभ खाऊन तो पुन्हा ओला झाला तेव्हा सुटले. आणि रुमाल काढून दाखवलं. दात नाहीत ते ठाऊक होतं. आत, जिभेच्या जागी, आखूड बुंधा— शी, शी, लिहू नको ते. लिही. बोलणं कसं येतं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, दहा वर्षं शिकले.

पुन्हा घ्या तुम्ही, म्हटलं. पाया पडले. जिन्यावरून धावत उतरल्या.

जयवंत नि सुलक्षणा टॅक्सी आणायला गेले आहेत. मोठ्या दवाखान्यात नेणार. तिथे ओढणार. चिमट्याने—

थोड्या वेळाने

गालाला हात लावला तर आतून माझ्या हाताला चावायला बघतं.

टॅक्सी यायच्या आत.

क्षमा, रडू नको, कागद भिजतो. पेन सोडू नको. मी बोलते आहे तोवर लिहीत राहा, म्हणजे तुझं लक्ष तिकडे राहील. मी बोलायची थांबले की समज, आला माझ्याकडे. मग मोरीवर जा आणि चूळ भर, दहा वेळा भर, आणि आईला म्हणावं आजीच्या जवळ यायचं नाही. कोणी तोंड उघडून माझ्याशी बोलायचं नाही.

मान हलवतेस काय? माकड. ये जवळ. आणखी जवळ. नाकाला नाक लागू दे.

हं. उघडलं बघ मी. वास येतोय मला. ओठ हलले तुझे— ये रे मेल्या, ये, इकडे, म्हातारी आहे पण ओली आहे— शी, काय ही घाण— गरम— क्षमा, सुटलीस का गो, बोल काहीतरी, एक शब्द बो