नाही जमलं तर

प्रिय बाबा,

परवा तुम्ही फोन आपटलात, म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडून टाकाल. पण नाही फाडणार, मला ठाऊक आहे. तुमच्या हातून कागद फाडला जात नाही.

तुम्ही म्हणालात, नोकरी सांभाळ, सही करून टाक, सहीला काय लागतं, शाईचा एक थेंब. मागून आई ओरडत होती की हिला लहानपणापासून डोक्यावर चढवून ठेवलंत, भोगा आता. बरोबर आहे तिचं. चढवलंत तुम्हीच, तेव्हा आता शेवटपर्यंत वाचा.

मी नेमकं काय काम करते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. सगळ्यांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगता. तर ऐका. इस्पितळात रोग्याच्या नसेत थेंब थेंब औषध सोडणारे पंप असतात ना, त्या पंपांना हुकूम लिहायची एक भाषा आमची कंपनी बनवते. लिहिलेला हुकूम वाचायचा आणि त्याचं झाड मांडायचं, हे करतो तो पार्सर. तो मी लिहिलाय. झाड म्हणजे कोणत्या कामाच्या पोटात कोणतं काम, याची मांडणी. प्रत्येक कामाला झाडात स्वतःची जागा असते, तिला आम्ही नोड म्हणतो. आता हुकूम असा असतो, की दाब मोज, नाही जमलं तर पंप थांबव. या ‘नाही जमलं तर’ला मी स्वतंत्र नोड दिला होता, दोन फांद्यांचा. एकीवर प्रयत्न, दुसरीवर तो फसला तर काय करायचं ते. दोन्ही सारख्याच मानाच्या.

मग नवे साहेब आले आणि आल्या आल्या त्यांना झाड जड वाटायला लागलं. प्रयत्न फसतो हजारात एकदा, त्याच्यासाठी एवढा थाट कशाला म्हणे! तो नोड काढा आणि ‘नाही जमलं तर’ची नुसती चिठ्ठी प्रयत्नाच्या नोडला चिकटवा. मी रजेवर असताना हे उरकलंसुद्धा. झाड हलकं झालं, टाळ्या पडल्या. पण पार्सरच्या पुढचा टप्पा त्या झाडाची साफसफाई करून नवी प्रत काढतो, आणि तो नोड उतरवून घेतो, चिठ्ठ्या नाही. चिठ्ठी गळून पडते. कुठे लाल अक्षर नाही, तक्रार नाही, काही नाही.

रजेवरून आल्यावर मी टेबलावर पंप लावला, बाटलीत निळं पाणी भरलं आणि दाब मोजणाऱ्या सेन्सरची वायर उपसून काढली. पंप थांबायला हवा होता. बाटली रिकामी झाली, नळीतून बुडबुडे यायला लागले, तरी हा पठ्ठ्या चालूच! ती नळी कुणाच्या हातात टोचलेली असती तर? साहेबांना बोलावून दाखवलं, तर म्हणाले, खऱ्या इस्पितळात वायर कोण उपसतंय? सोमवारी माल जायचाय, पुढच्या आवृत्तीत बघू, तपासणीच्या कागदावर तुमची सही तेवढी हवी. डोंबलाची पुढची आवृत्ती!

बाबा, हा हट्ट मला कुणी शिकवला? सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला लिफ्टच्या दुरुस्तीला सोबत न्यायचात, हत्यारांच्या पेटीवर बसवायचात आणि दोर तुटलाच तर रुळाला आवळून धरणारा तो दुसरा ब्रेक दाखवायचात. म्हणायचात, लवंगे, हा वर्षानुवर्षं नुसता बसून खातो, पण हा आहे म्हणून ती लिफ्ट, नाहीतर विहीरच. बाकीचे मिस्त्री त्याच्याकडे नुसती नजर टाकायचे. तुम्ही दोर सैल सोडून तो खरंच पकडतो का ते बघायचात. मालक कावायचे, तुम्ही ढिम्म. तो माणूस माझा बाप. परवा फोनवर कोण होतं, मी नाही ओळखत.

मी पाचवीत असताना कधीतरी तुम्ही लिफ्टने जाणं सोडलंत. गुडघ्यांना व्यायाम म्हणालात. त्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी आपल्या घरचा तिसरा मजला जिन्यानेच. माझ्या घरी, पाचव्या मजल्यावर, चार वर्षांत एकदाही आला नाहीत. नातीला खाली बागेत बोलावून भेटता. आई हसते, लिफ्टवाल्याला लिफ्टची भीती म्हणून. मी कधी हसले नाही.

तर काल मी त्या कागदावर ‘नापास’ लिहिलं, चांगलं ठळक. खाली कारण, त्याखाली सही, आणि एक प्रत थेट पंप घेणाऱ्या इस्पितळाकडे. साहेबांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दुपारीच माझं ओळखपत्र काढून घेतलं. सोमवारी चौकशी आहे. नोकरी बहुधा जाईल. गेली तर गेली! माफी मागणार नाही, आणि तो नोड जागेवर परत बसेपर्यंत एक अक्षर मागे घेणार नाही.

आता पत्राचं खरं कारण. दहावीच्या सुट्टीत पाना शोधताना मी तुमच्या पेटीतला खालचा ट्रे उचलला होता. खाली घडी घातलेला कागद होता. एका कापड दुकानाच्या लिफ्टचा दाखला. दुसरा ब्रेक तपासला, ठीक आहे, आणि खाली तुमची सही. त्यात वर्तमानपत्राचं कात्रण, आठ दिवसांनंतरचं. दोर तुटल्याचं, आणि तिथे शिवणकाम करणाऱ्या बाईचे दोन्ही पाय गेल्याचं. दुकान उघडायची घाई होती, मालक ऐकेना, असं तुम्ही आईला एकदा सांगत होतात. ते कशाबद्दल होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी घडी होती तशी घातली आणि बावीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं. लाज नाही वाटली तुमची, बाबा. रडू आलं. शाईचा एक थेंब म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? म्हणूनच तुमच्या तोंडून ते ऐकवलं नाही मला. आता माझ्याकडे या. जिन्यानेच चढू, प्रत्येक मजल्यावर थांबू, मी हात धरते. पण निघण्याआधी एक करा. माझ्या नापास कागदाची प्रत सोबत आहे. तो खालचा ट्रे उचला, आणि त्या कागदावर हा ठेवा.

तुमचीच, अजिबात न बधणारी,
लवंगी