बांगडीचं पान कोणाचं

मी, खाली सही करणारा, पुस्तकबांधणीचं काम सोडून घरी बसलेला म्हातारा, हे इच्छापत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. माझी शुद्ध शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब चढलेला आहे, त्याचं कारण कलम तीनमध्ये वाचावं.

१. दाबयंत्र, शिवणीची चौकट आणि सुऱ्या शेजारच्या बाइंडरला. माझी कात्री तो घेऊन गेला ती गेलीच. तीही आता त्याचीच समजावी, म्हणजे मला खांदा देताना त्याला मान खाली घालावी लागणार नाही.

२. गणिताची सगळी पुस्तकं आणि फळा भाचीला. बांधणीला आलेली फाटकी पुस्तकं वाचता वाचता मला हा नाद लागला. बहिणीमागे पोर इथेच वाढली, तिलाही तोच लागला. आज ती कॉलेजात शिकवते.

३. माझे चिरंजीव विद्यापीठात प्राध्यापक आहेत. क्रांतिक, म्हणजे अगदी काठावरच्या, वाढीच्या अरैखिक विवृत्तीय समीकरणांवरचा लेख भाची धरून आम्हा तिघांचा. क्षेत्र बांगडीच्या आकाराचं. चिरंजीवांचं म्हणणं, बांगडी कशीही फिरवा, सारखीच दिसते. तेव्हा सगळ्यांत कमी ऊर्जेचं उत्तरही चहूकडून सारखंच असणार. भाची म्हणाली, असं सममित, चहूकडून सारखं उत्तर आहे, पण ते सगळ्यांत कमी ऊर्जेचं नाही. वाढ अशी अगदी काठावरची असली की कमी ऊर्जेचं उत्तर एका बाजूला गोळा होतं. बांगडी फिरवली की तसंच दुसरं मिळतं. तिने ते पानभर सिद्ध करून दिलं.

चिरंजीवांनी ते पान काढून टाकलं, पानाबरोबर तिचं नावही, आणि लेख परस्पर नियतकालिकाला पाठवला. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवून तो परत केला. मग पान जागेवर आलं. नाव नाही आलं. काल लेख छापून आला, त्यात आम्ही बापलेकच. मला न विचारता माझं नाव ठेवलं, याचा तर मला जास्तच संताप आहे.

विचारलं तर म्हणतो, "बाबा, घरातलंच माणूस आहे, तिला काय फरक पडतो?"

भाची म्हणाली, "मामा, जाऊ दे. घरात भांडण नको."

तिला मी सांगितलं, आणि इथेही लिहून ठेवतो: भांडण कधीच सुरू झालंय बाई, तू तेवढी गप्प आहेस.

४. घर माझ्या कष्टाचं. निम्मं चिरंजीवांचं, निम्मं भाचीचं. सारखी वाटणी आपोआप होत नसते, धरून बसावं लागतं. सोडून दिलं तर सगळं एकाच कोपऱ्यात जाऊन साचतं. चिरंजीवांनी मात्र आधी नियतकालिकाला पत्र लिहून ते पान कोणाचं ते छापून आणावं. तोवर त्यांचा वाटा कुलपात.

५. या इच्छापत्राची अंमलबजावणी सूनबाईंनी करावी. लेख आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर नवऱ्याच्या तोंडावर "हे पान तुमचं नाही हो" म्हणणारी घरात ती एकटीच. कुलपाची किल्ली आजच तिच्या हाती दिली आहे. चिरंजीवांनी ती बायकोकडे मागावी. छापलेलं पत्र पाहिल्याशिवाय ती देणार नाही, तिला मी ओळखतो.

साक्षीदार : डॉक्टरीणबाई (सही), समोरचे शिंपी (सही). दोघांनाही यातून काही मिळायचं नाही.

लिहून देणार : बाबा, मामा, आणि त्या लेखाचा न विचारता झालेला लेखक (सही)

ठिकाण : मागची खोली. दिनांक : लेख छापून आल्याचा दुसरा दिवस.