डावी बाजू

७ नोव्हें., शुक्र.
दवाखान्यातून माहेरी येऊन आठवडा झाला. बाळ डावीकडे घेतच नाही. उजवीकडे लावलं की डोळे मिटून लगेच पितो. डावीकडे वळवलं की अंग ताठ करतो, मान मागे टाकतो, रडतो. भुकेचं रडणं नाही ते. दुसऱ्याच्या ताटावर बसवल्यासारखं.

जुळी होती. तो आणि ती. ती दुसऱ्या दिवशी गेली. त्याआधी सिस्टरने दोघांना एकदा, एकदाच, बरोबर लावलं होतं. तो उजवीकडे, डोळे मिटून. ती डावीकडे, डोळे उघडे, माझ्याकडे बघत. थोडंसंच प्यायली.

आई म्हणते, पोटातबी तो उजवीकडंच हुता. खरं आहे. सोनोग्राफीत तसंच दाखवलं होतं.

बारसं केलं नाही. नाव पुढे बघू.

८ नोव्हें.
डावी बाजू दगडासारखी झाली. आईने गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं, वाटीत पिळून काढलं. मी म्हटलं, मोरीत टाक. तिने माझा हात धरला. अंगावरचं दूध मोरीत टाकत नाहीत हे मलाही माहीत आहे, झाडाच्या बुडाशी टाकतात. पण ती अंगणातल्या लिंबाकडे गेली नाही. वाटी पदराखाली झाकून बांधाच्या वाटेने गेली. दिवस मावळत होता. आली तेव्हा वाटी धुतलेली.

तिकडे बोरीखाली दादाने तिला ठेवलंय. मी जागा पाहिलेली नाही. बाळंतिणीने जायचं नसतं.

आई एवढंच म्हणाली, "तिच्या वाट्याचं तिला."

बरं वाटलं. लिहू नये, पण वाटलं.

१० नोव्हें.
रोज जाते आता. मी काढून ठेवते, ती नेते. आम्ही त्यावर बोलत नाही.

१२ नोव्हें.
आशाताई वजनकाटा घेऊन आल्या. जन्माचं वजनसुद्धा अजून भरून आलेलं नाही. झोळीत लोंबकळताना त्याच्या मांड्यांची कातडी सैल दिसली. रोज अंघोळ घालताना बघते, पण आजच दिसली. आशाताई म्हणाल्या, एका बाजूवर याचं भागत नाही, उद्या केंद्रावर या.

१३ नोव्हें.
केंद्रावर गेलो. सिस्टरने मान बघितली, कान बघितले, खांद्याचं हाड चाचपलं. सगळं ठीक. म्हणाल्या, काही बाळांचं असतं असं. उजवीकडे पीत असताना त्याला न वळवता, आहे तसाच सरकवून डावीकडे न्यायचा. अर्धवट झोपेत लावून बघायचं. आधी थोडं काढून बाजू मऊ करायची. तोपर्यंत डावीकडचं काढून वाटी-चमच्याने त्यालाच पाजायचं.

मग विचारलं, काढलेलं पाजताच ना?

मी हो म्हटलं.

आई शेजारी बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

रिक्षात म्हणाली, "त्याला उजवी हाय की. तिला दुसरं काय हाय?"

संध्याकाळी वाटी तिच्या हातात दिली. रोजच्यासारखी.

१५ नोव्हें.
सरकवून बघितलं. झोपेत बघितलं. झोपेतसुद्धा कळतं त्याला. ओठ लागले की तोंड मिटून घेतो. रडत नाही आता. नुसता थांबतो.

उजवीकडे पिताना एक हात डावीकडे ठेवतो. पंजा उघडा, हलकाच. कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा.

१६ नोव्हें., रवि.
नितीन सुप्याहून आला. कंपनीने सुट्टी एकाच दिवसाची दिली. बाळाला मांडीवर घेऊन बराच वेळ त्याचे पाय दाबून बघत होता. मग आईला वाटी नेताना बघितलं. त्याला माहीत नव्हतं.

ती आल्यावर म्हणाला, मामी, बस करा आता हे, पोरगा वाळत चाललाय. आईने आधी चेष्टेवर नेलं. "जावईबापू, मशिनीला तेल घालायचं तुमी बघा. दुधाचं आमाला कळतं." तो हसला नाही. पुन्हा तेच म्हणाला, जरा चढ्या आवाजात.

आई चुलीपुढे बसली. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "न्यायचं थांबवलं तर ती घरी यील प्यायला."

नितीन माझ्याकडे बघत होता.

गेला तेव्हा पायरीवर म्हणाला, तुला दोघांचं करायचंय हे कळतं मला. पण एकच आहे गं आता.

१८ नोव्हें.
डावीकडे उजवीपेक्षा जास्त येतं. कोणी पीत नाही तिकडे. सिस्टर म्हणाल्या होत्या, जितकं काढाल तितकं येतं. तेच असेल.

दिवस मावळायला आला की आपोआप पाझरायला लागतं. आज आई आंघोळीला बसली होती, उशीर झाला. वाटी घेतलीच नव्हती. पोलकं ओलं झालं, मग लुगडं. तेव्हा तो उजवीकडे पीत होता. प्यायचा थांबला. डोळे उघडले आणि डावीकडे बघत राहिला, माझ्या कुशीकडे नाही, त्याच्या जरा पुढे. जिथे दुसरं डोकं असतं तिथे.

एवढ्या लहान बाळाला नीट दिसत नाही म्हणतात.

२१ नोव्हें.
थंडी वाजून ताप. डावीकडे गाठ, वर लाल चट्टा. दादाने मोटरसायकलवर जामखेडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. दूध साचू द्यायचं नाही, बाळाने ओढलं तर सगळ्यात चांगलं, या तापाने बाळाला काही होत नाही. मी म्हटलं, तो घेत नाही. त्या म्हणाल्या, लावत राहा, एक दिवस घेईल.

२२ नोव्हें.
आईचा पाय काल दुपारी ओट्यावरून उतरताना मुरगळला. घोटा सुजलाय. हळद-तुरटीचा लेप घातला. आज दिवसभर खाटेवर.

उन्हं कलली तशी तिची चुळबुळ सुरू झाली. दाराकडे बघायची. दादा गावात गेलेला. शेवटी म्हणाली, "पोरगी वाट बघत आसंल."

वाटी भरलेली होती. तो नुकताच उजवीकडे पिऊन पुन्हा मुठी चोखत होता. त्याला तिच्याजवळ ठेवलं, डोक्याला बांधलं आणि मीच निघाले.

बांधाने गेले. दोन्हीकडे ज्वारी. लांब नाही. बोरीखाली बाभळीच्या फांद्या टाकल्यात, कुत्री उकरू नयेत म्हणून. मध्ये एक चपटा दगड. एवढीशी जागा. मला मोठी वाटली होती.

दगडाच्या कडेची माती ओली होती. काल तापात काढलेलं दादाने लिंबाखाली टाकलं होतं, आज आई खाटेवर. आमची ज्वारी कोरडवाहू, पाणी सोडायचा प्रश्न नाही. पण सोडलं असेल कोणी.

वाटी घेऊन उभी राहिले. ओतणार होते. मग म्हटलं, "तुझा भाऊ उपाशी आहे. आता त्याला देऊ दे."

तिच्याशी मी पहिल्यांदाच बोलले. ती होती तेव्हा बोलले नव्हते, टाके दुखत होते.

वारा नव्हता. डावीकडून पाझरायला लागलं, पोलकं भिजलं. हात लावला नव्हता मी.

वाटी तशीच भरलेली घरी आणली. चमच्याने त्याला पाजली. सगळी प्यायला, ओठ चाटले. दूध त्याला चालतं. फक्त जागा चालत नाही.

आईने भिंतीकडे तोंड केलं.

"इचारलंस का तिला?"

विचारलं म्हटलं.

"काय म्हनली?"

२५ नोव्हें.
ताप गेला. गाठ थोडी मऊ. रोज चमच्याने पाजते, दिवसातून बऱ्याच वेळा. नितीनला फोनवर सांगितलं, त्याचा आवाज मोकळा झाला. म्हणाला, रविवारी येतो, नाव ठरवू.

आई माझ्याशी नीट बोलते. बाळाला तेल लावते, त्याला लबाड म्हणते. पण मावळतीला खाट सरकवून दारात बसते आणि दाराची एक फळी उघडी ठेवते. डास येतात म्हटलं तर म्हणाली, येऊ दे.

२७ नोव्हें.
आशाताईंचा काटा. वजन वाढलं. जन्मापेक्षा पुढे गेला. मी त्यांच्यासमोर रडले, त्या समजल्या आनंदाने. आनंद होताच.

तिला आठ दिवसांत काही दिलेलं नाही. पूर्ण आठ नाहीत. मोजत नाही.

२८ नोव्हें.
पिताना डावीकडे हात ठेवणं त्याने बंद केलं. मूठ आवळून छातीशी घेतो.

२९ नोव्हें., शनि.
संध्याकाळी ओट्याच्या दाराशी बसले होते. आई बाहेर खाटेवर. उजवीकडे लावला, पीत होता, डोळे मिटलेले. सिस्टरने सांगितलं तसा, न वळवता, हळूच सरकवला. रोज करते, रोज थांबतो.

आज घेतलं.

ओठ लावल्याबरोबर घेतलं. ओढायला लागला. गाठीतून कळ गेली, मग मोकळं होत गेलं. बराच वेळ प्यायला. मी खाली बघितलं.

डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होता.

त्याने पिताना माझ्याकडे कधी बघितलेलं नाही.

पोट भरलं नसेल म्हणून पुन्हा उजवीकडे घेतला. अंग ताठ केलं. मान मागे टाकली. तोंड फिरवलं.

बाहेरून आई म्हणाली, "घेतलं का?"

मी हो म्हटलं.

कुणी, ते तिने विचारलं नाही. खाटेवरून हात लांबवून तिने दाराची फळी लावून घेतली.

उद्या नितीन येणार आहे, नाव ठेवायला.