संध्याताईंची मापं

अकोला, ४ नोव्हेंबर २०२५

चि. नितेश यास पौर्णिमाताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तू दुकानाची वेबसाइट करून दिलीस तेव्हा मी गल्लीभर मिरवलं. पहिल्या पानावर ब्लाउजची मापं, दुसऱ्यावर पत्ता, झालं काम. संध्याताईंनी मापं भरली, पुढच्या पानावर गेल्या आणि कौतुकाने तिथूनच लिंक आपल्या शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. त्या लिंकमध्ये त्यांचं नाव, छाती, कंबर, सगळं उघडं लिहिलेलं! मुख्याध्यापकांनीही वाचलं.

संध्याताई दुकानात येऊन म्हणाल्या, की पौर्णिमा, तू तं मले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली. पुतणीच्या लग्नाचे सगळे ब्लाउजपीस परत घेऊन गेल्या. अरे, मी पडद्याआड माप घेते आणि दुकानात मदतीला असलेल्या प्रणालीला लिहून घ्यायला सांगते तेही हळू आवाजात. ही गोष्ट पसरली तर माझ्याकडून कोण माप घेऊ देईल? मला फार लाज वाटली आणि तुझा रागही आला. ती वेबसाइट बंद करून टाक.

जेवण वेळेवर कर. रागावले असले तरी माया तशीच आहे.

तुझी ताई

अमरावती, ६ नोव्हेंबर

ती. ताईस नितेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. फॉर्ममधली माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यायचे दोन रस्ते आहेत. ‘गेट’मध्ये ती लिंकलाच चिकटून जाते, ‘पोस्ट’मध्ये लिंकमध्ये न दिसता वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरकडे पोचते. कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना काय गेलं ते डोळ्यांनी दिसावं म्हणून मी रोज गेटच शिकवतो. तुझं काम करतानाही हात सवयीने तिकडेच गेला.

आता पोस्ट केलं आहे. मापं सर्व्हर सांभाळतो, फक्त तुझ्या दुकानाला कळवतो आणि ज्या मोबाइलवरून भरली त्यालाच ओळखतो. दुसऱ्याने लिंक उघडली तर कोरा फॉर्म दिसेल. त्यामुळे वेबसाइट बंद करणार नाही, तू कितीही रागाव. ग्रुपवर गेलेली लिंक मात्र मला पुसता येत नाही. रविवारी येऊन संध्याताईंची माफी मागतो. येताना गिला वडा आणीन, तेवढ्यावर दार उघडशील ही आशा.

तुझा नितेश

अकोला, १२ नोव्हेंबर

चि. नितेश यास आशीर्वाद.

रविवारचं पुढे काय झालं ते ऐक. संध्याताईंनी तुझी माफी बाजूला ठेवून ब्लाउजच्याच फॉर्ममध्ये तुझी छाती-कंबर भरायला लावली आणि ती लिंक त्याच ग्रुपवर टाकली, तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तू परत गेल्यावर साऱ्या शाळेने लिंक उघडून पाहिली. मुख्याध्यापकांनी म्हणे चष्मा बदलूनही पाहिलं, कोरा फॉर्मच दिसला. दोघी शिक्षिकांनी तर तिथेच आपली मापं भरून टाकली.

काल संध्याताई ब्लाउजपीसांची पिशवी घेऊन आल्या. मी टेप काढला, तर म्हणाल्या, की राहू दे वं, मी घरूनच भरून आली. नितेश, मला रडू आलं रे.

प्रणालीचा तुला नमस्कार. तुझ्या मापात कंबर दोन इंच कमी भरली आहेस, ते मला दिसलं. तुझा कुर्ता खऱ्या मापाचाच शिवते आहे, आणि हे ताईच्या पोटातच राहील.

तुझी ताई