पाहुण्यांचं पाणी

सारीकुदुक, ७ एप्रिल २००६

चि. सौ. मेरुएर्त या नातीला अजेचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पाहुणे गाडीतून उतरायच्या आत बिबिसारा माझ्या अंगणात हजर! लांब वाळूत नुसता धुरळा दिसला आणि ही बया डोक्याचा रुमाल सावरत कुंपणातून आत. वर म्हणते कशी, सहज आले. माझ्या शेजारी जन्म गेला तिचा, पण सहज म्हणून एकदा आली असेल तर शप्पथ. गाडी आपल्याच दारात थांबली, कारण अर्जावर तुझं नाव. तिचं तोंड असं झालं, जणू मी तिची शेळी पळवली.

तू ज्यांच्याकडे अर्ज केलास ती पाण्याच्या कचेरीची माणसं. एक साहेब, नाव काल्देबेक. आधी त्याचं पोट उतरलं, मग तो. बरोबर रौशान नावाची किडकिडीत पोरगी, रिकाम्या बाटल्यांची पेटी तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरून. तिने नळ सोडला. नळ खोकला, शिंकला आणि गप्प झाला. आमचा पंप सकाळीच चालतो, हे शहरातल्यांना कोण सांगणार? मग साहेबाने ठरवलं की मुक्काम करायचा. गल्लीत घरोघर बाटली दिली आणि रौशानने बजावलं, उद्या पंप चालू झाला की भरून ठेवा, तुम्ही पिता तेच पाणी.

पाणी वाईट निघालं तर पंपघरात ते स्वच्छ करायचं यंत्र बसवणार म्हणे. यंत्र एकच आणि मागणारी गावं ढीगभर. मी मनात म्हटलं, आमचं पाणी वाईट निघायला आम्ही काय भिकारी आहोत?

चहा अर्थातच बर्फाच्या पाण्याचा केला. तुला आठवतं ना, माझा म्हातारा, तुझे अता, हिवाळ्यात खड्ड्यात बर्फ दाबून भरतात ते? झाकणाची किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे. पाहुणा आला की झाकण उघडतं. म्हाताऱ्यालाही त्यातला घोट तेव्हाच मिळतो, म्हणून तर दारात बसून रस्त्याकडे डोळे लावतो. लोकांना वाटतं फार माणूसवेडा आहे.

तू लिहिलं होतंस, पाणी चांगलं असल्याचा कागद मिळू दे, मग तान्ह्या अर्दाकला उन्हाळाभर तुझ्याकडे ठेवते आणि मी दवाखान्यात कामावर जाते. तर कागद मिळेल. एवढंच सांगते, जास्त नाही. तुझ्या बापाचा पाळणा खाली काढलाय, निळा रंग दिलाय. म्हातारा त्यावर बसून बघत होता, हाकलला.

हे पत्र ओराझच्या पावाच्या गाडीतून येतंय. त्याला चहा पाज, पण गप्पांना बसवू नकोस, तो उठत नाही.

जशी आहेस तशी माया ठेव, थोडी जास्त ठेवलीस तरी चालेल.
तुझी अजे, उल्बोसिन

*

किझिलोर्दा, २६ एप्रिल २००६

ती. अजेस मेरुएर्तचा वाकून सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. ओराझ चार कप चहा पिऊन गेला आणि माझ्या नवऱ्याला उंटांच्या आजारांवर व्याख्यान देऊन गेला. नवरा आता दूध पीत नाही.

आज कचेरीत निकाल कळला. अजे, तुला हसू येईल. साहेब म्हणाले, तुमच्या गावासारखं पाणी अख्ख्या जिल्ह्यात नाही. रौशान म्हणाली की तिला आधी वाटलं तपासायचं यंत्र बिघडलंय, म्हणून तिने पुन्हा तपासलं. क्षार जवळजवळ नाहीत. फ्लोराइड नावाला. त्यामुळे स्वच्छ करायचं यंत्र आता दुसऱ्या गावाला जाणार. जूनमध्ये गाडीत चढेल.

मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही. अर्दाकला माझं दूध पुरत नाही, भुकटीचं पाजावं लागतं, आणि ती भुकटी पाण्यातच कालवायची. म्हणून तर मी पाण्यासाठी एवढी हटून बसले होते. आता मे संपता संपता तिला घेऊन येते. पाळणा वाळू दे नीट, तिला सगळं तोंडात घालायची सवय आहे.

एकच कोडं राहिलं. पाणी इतकं छान, तर माझे दात असे का? वसतिगृहात होते तेव्हा मी हसले की मुली विचारायच्या, सारीकुदुकची का गं? आजही फोटो काढताना तोंड मिटून घेते. मेरुएर्त म्हणजे मोती, आणि मोत्यांवर चहाचे डाग! दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, हे पाण्यामुळेच, लहानपणापासूनच्या. मग डॉक्टर चुकले म्हणायचं.

अतांना सलाम, बिबिसारा आजींना माझ्याकडून एक खोटा सलाम.

तुझ्या मायेवर पोसलेली,
मेरुएर्त

*

सारीकुदुक, ४ मे २००६

चि. सौ. मेरुएर्तला अजेचे गोड गोड आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी म्हाताऱ्याला वाचून दाखवलं, मग कुंपणावरून बिबिसाराला, मग पावाच्या रांगेत उभं राहून सगळ्यांना. जिल्ह्यात पहिला नंबर! तुझा अता म्हणाला, आयुष्यात कधी कशात पहिला आलो नव्हतो. मी म्हटलं, तू अजूनही नाहीस, मी आले.

आता सांगते. पोटात राहतच नाहीये. अगं, ती रौशान बाटली देऊन गेली आणि मी ती हातात घेऊन बसले. पाहुणे एवढं वाळवंट तुडवत आले, आमच्या घरचं पाणी न्यायला मागितलं, आणि मी त्यांना नळाचं देऊ? ज्याने किटली आतून पांढरी होते, चहावर साय नसून तवंग येतो, ते? नळाचं आपल्यासाठी ठीक आहे, आपण घरचे. पाहुण्याच्या हातात कधी दिलंय का आपण? माझी सासू थडग्यातून उठून आली असती. मी झाकण उघडलं आणि बर्फाचं पाणी भरून दिलं. त्यात खोटं काही नाही बरं का. पिता तेच भरा, असं ती म्हणाली होती, आणि पाहुणे आले की आपण तेच पितो.

तेवढ्यात दारात बायकांची ही रांग! प्रत्येकीच्या हातात बाटली. कुणाला सांगावं लागलं नाही, सगळ्यांना लाज सारखीच. मीही मन मोठं केलं, सगळ्यांना भरून दिलं. बिबिसाराला मात्र दोनदा मागायला लावलं. तिने घरी नेऊन ते उकळलं, मलमलीतून गाळलं आणि वर मला विचारते, साखरेचा खडा टाकू का? मी म्हटलं, टाक, म्हणजे गावाचा मधुमेह निघेल. तेव्हा राहिली.

दातांचं मनावर घेऊ नकोस. इथे लग्न झालं की पुढचे दात सोन्याचे करतात, मग खालचे कसे होते ते कुणाला कळतंय? मी सोन्याचे बसवले तेव्हा तुझा अता महिनाभर माझ्या तोंडाकडेच बघत होता. तुझ्या नवऱ्याला सांग, हात सैल कर.

बाउरसाकचे गोळे तळायला तेल आणलंय, अर्दाकवरून उधळायला चॉकलेटं आणलीत. चॉकलेटं म्हाताऱ्यापासून लपवलीत.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून, आणि लोभ पेटीत राखून,
अजे

*

किझिलोर्दा, १० मे २००६

ती. अजेस सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, नवरा खोलीतून धावत आला इतकी हसले. मग रडले. आता चिडले आहे, तेव्हा नीट वाच, आणि हे पत्र पावाच्या रांगेत वाचून दाखवू नकोस. नाही, दाखव.

अजे, ते पाहुणे पाणी प्यायला आले नव्हते. आपण रोज काय पितो ते बघायला आले होते. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बर्फ दाखवला. त्यांनी बर्फ तपासला आणि यंत्र दुसऱ्यांना दिलं.

फ्लोराइड दिसत नाही, त्याला चव नसते. उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. बिबिसारा आजींची मलमल त्याला अडवत नाही. मोठ्यांची हाडं दुखतात आणि ते वाऱ्याला शिव्या देतात. अतांचे गुडघे आठव. लहान मुलांच्या हिरड्यांत दात बनत असतात, तेव्हा ते आत जाऊन बसतं. अर्दाकच्या तोंडात अजून एकही दात नाही. तिचे सगळे दात अजून व्हायचेत. आणि तिच्या प्रत्येक बाटलीत तुझ्या नळाचं पाणी जाणार होतं.

एक विचारू? रागावू नकोस. जे पाणी परक्या साहेबाला द्यायला तुला लाज वाटली, ते आम्हाला रोज पाजताना वाटली नाही?

लिहून झाल्यावर हे वाक्य खोडणार होते. नाही खोडलं.

मी रौशानला भेटले. खरं सांगितलं. ती आधी लाल झाली, मग हसायला लागली, मग तिने साहेबांना सांगितलं. ते फक्त लाल झाले. यंत्र निघायच्या आत पुन्हा तपासायला येतील, पण या वेळी त्यांना कुणाच्याही हातची बाटली नको आहे. नळाच्या खऱ्या पाण्यात फ्लोराइड निघालं तरच यंत्र येईल, आणि यंत्र आलं तरच मी अर्दाकला आणेन. तोवर पाळण्यात मांजर झोपव.

राग आहे, पण तू आहेस म्हणून आहे.
मेरुएर्त

*

सारीकुदुक, २३ मे २००६

चि. सौ. मेरुएर्तला अजेचे आशीर्वाद, ते तर रागातही चालूच असतात. वि. वि.

तुझं ते एक वाक्य मी वाचलं आणि पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. मग काढलं. पुन्हा वाचलं. रांगेत नाही दाखवलं, पण बिबिसाराला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. जाताना नातवाला हाक मारून म्हणाली, तोंड उघड. त्याचे नवे पुढचे दात आलेत, त्यांवर खडूसारख्या पांढऱ्या रेघा. आम्ही दोघी म्हाताऱ्या पोराच्या तोंडात वाकून बघत उभ्या, तो आपला गुदमरतोय.

लाज वाटली का विचारतेस. नाही वाटली गं. तुम्ही घरचे ना. घरच्यांची लाज कुठे वाटते? तेच चुकलं.

तर ऐक. खड्ड्याची किल्ली कमरेवरून काढली. बर्फाचं पाणी उकळून आता गल्लीतल्या पोरांना जातं, बाटली घेऊन येतात आणि भरून नेतात. दुसऱ्या गल्लीत अजून दोन खड्डे निघाले, त्यांनाही बायकांनी तेच करायला लावलं. तुझा अता म्हणाला, आणि पाहुणे आले तर? मी म्हटलं, पाहुण्यांना नळाचं. त्याने इतकं वाईट तोंड केलं की मला तो लग्नाच्या वेळचा आठवला. अर्दाकच्या नावाचं वेगळं झाकून ठेवलंय. त्यात म्हातारा डोकावताना सापडला होता.

आणि काल पाहुणे आले! मोहरीसारखे तडतडत. काल्देबेक साहेब अंगणात पाय टाकतो तोच सुरू, सरकारी माणसाला बनवता, गावाला दंड लावीन. रौशान मागे हसू दाबत. नेमकी वीज गेलेली, पंप बंद, नळ कोरडा. माझ्या बादलीत सकाळचं नळाचं पाणी होतं, ते ने म्हटलं तर रौशान नको म्हणाली, आता स्वतः नळाखाली बाटली धरणार. बरोबरच आहे पोरीचं.

मग काय, पाहुणे ते पाहुणे. बसवलं, चहाचा समोवार पेटवला. बादलीतल्या पाण्याने.

साहेबाला मानाची जागा दिली, आणि प्याला अर्धाच भरला. काठोकाठ भरला असता तर उठा आता असं झालं असतं ना. अर्धा म्हणजे बसा, अजून घ्या. एक घोट घेतला आणि त्याच्या भुवया टोपीत गेल्या. पण नको कसं म्हणणार, कझाख माणूस आहे, आईने वाढवलाय. प्याला रिकामा झाला की मी पुन्हा अर्धा. बिबिसारा शेजारी बसून दूध ओतत होती आणि त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत होती. तो घाम पुसत पीत होता. शेवटी त्याने हात प्याल्यावर आडवा धरला आणि विचारलं, मागच्या वेळी तर चहा फार सुरेख होता, आज काय झालं? मी सांगितलं, साहेब, मागच्या वेळी तुम्ही पाहुणे होतात. आज तुम्हाला घरचं मानलंय.

त्याने प्याला खाली ठेवला. मग त्याने विचारलं, पोरंपण हेच पितात? बिबिसाराने नातवाला पुढे ढकललं आणि म्हणाली, उघड तोंड.

दंडाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. वीज तपासायला माणूस पाठवतो म्हणाला, आणि यंत्र दुसऱ्या गावाला नेणारी गाडी थांबवतो, निदान निकाल येईपर्यंत. निकाल वाईट येऊ दे, अशी मी नमाजानंतर दुआ केली. मुल्लाने ऐकलं, तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी सैतानाला जेवायला बोलावलं. त्यालाही चहा पाजला. आज सकाळी तोही दुआ करत होता.

पाळण्यात मांजर झोपत नाही, मी हाकलते. तू राग सोडू नकोस एवढ्यात, बाटलीत खरं पाणी दिसेल तेव्हा सोड. सोडल्यावर जी जागा रिकामी होईल तिथे माया भर.

शुक्रवारी पंप सुरू व्हायच्या आधी येतो म्हणालेत. बाटल्या स्वतःच्या आणतील. चहा मात्र माझ्याकडेच.

तुझी घरची,
अजे