सीदोनने दार उघडलं, सोरने लावून घेतलं

सीदोन,
जवाच्या कापणीचा महिना, दिवस नववा

चि. बोदेश्मून यास ताई बत्नोआमचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू निघालास त्याला बारा दिवस झाले. दोन वर्षांनी घरी आलास, दोन रात्री राहिलास आणि पर्शियाच्या आरमारातून सुटलास म्हणेपर्यंत सिकंदरच्या आरमारात गेलाससुद्धा. मधल्या वेळात अंगरखा तेवढा धुऊन झाला.

इथे सगळं ठीक आहे. नको इतकं ठीक आहे. सिकंदरला वेशी उघडल्यापासून त्याच्या एकाही मकदुनी शिपायाने कुणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकलेलं नाही. कायदे आपले, देव आपले. जुन्या राजाला काढलं, पण गादीवर बसवला तोही आपल्याच राजघराण्यातला, कालपर्यंत बागेत वाफे खुरपणारा. बाजारात बायका म्हणतात, तेरा वर्षांपूर्वी पर्शियाच्या राजाने गाव जाळलं, याने फुलाला धक्का लावला नाही. मीही मान हलवते. आईबाबा त्या आगीत गेले. मी दुसरं काय म्हणणार?

पण जीव टांगणीला लागलाय तो अरीसाठी. सोरने दार लावून घेतलं आणि तिथे लग्न करून दिलेली आपली धाकटी अरिशत आत राहिली. तिकडच्या बायकामुलांना जहाजांतून समुद्रापार कार्थेजला पाठवलं, असं ऐकते. ती गेली का रे? तू तर तटाच्या समोरच आहेस. काहीही कर, पण कळव. मी शिडं शिवायला बसते आणि टाका कुठे घातला तेच कळत नाही.

दोन घास नीट खात जा. ताईला विसरू नकोस, एवढंच मागणं.
बत्नोआम


सोरसमोर, जहाजावरून,
गव्हाच्या कापणीचा महिना, दिवस तिसरा

ती. ताईच्या पायांवर बोदूचं डोकं. वि. वि.

अरी गेलेली नाही. कसं कळलं ते सांगतो, पण बाजारात बोलू नकोस.

सिकंदर राजा किनाऱ्यापासून सोरच्या बेटापर्यंत समुद्रात भराव घालतोय. आमच्या जहाजावर तट फोडायचा ओंडका बसवलाय. नांगर टाकून तटाखाली उभं राहायचं आणि धडका द्यायच्या. सोरचे पाणबुडे येऊन आमचे नांगराचे दोर कापतात. परवा भर दुपारी माझ्या वल्ह्यापाशी एक डोकं श्वास घ्यायला वर आलं. अरीचा नवरा, आपला मत्तान! तोंडात सुरी. आरोळी ठोकायची सोडून मी बघतच राहिलो. त्याने सुरी हातात घेतली आणि म्हणाला की त्याची आई अंथरुणावरून उठत नाही म्हणून अरी गेली नाही, तिला सोडून जायला तयारच नव्हती. मग मला मकदुनी राजाच्या ताटाखालचं मांजर म्हणाला आणि बुडी मारली. थोड्या वेळाने आमचा दोर तुटला, जहाज भरकटलं. आमच्या जहाजाच्या तांडेलाने विचारलं, कुणी दिसलं का. मी म्हटलं, डोळ्यांवर ऊन होतं. आता राजाने दोरांच्या जागी लोखंडी साखळ्या लावल्यात.

ताई, इथलं वारं चांगलं नाही. राजाला आधी फक्त सोरच्या मेलकार्त देवाची पूजा करायची होती. सोरवाल्यांनी नको म्हटलं. मग बोलणी करायला गेलेल्या राजाच्या दूतांना मारून तटावरून समुद्रात फेकलं. तेव्हापासून मकदुनी लोक सोरचं नाव काढलं की थुंकतात. दार उघडणाऱ्याला तो काय देतो ते तू रोज बघतेस. लावून घेणाऱ्याला काय देईल, याचा विचार करत रात्री वल्ह्यापाशी जागाच असतो. आणि त्या तटाला धडका मारणाऱ्यांत मीही आहे.

रागावलीस तरी मला टाकू नकोस.
बोदू


सीदोन,
पहिल्या अंजिरांचा महिना, दिवस सहावा

चि. बोदूस ताईचे आशीर्वाद. वि. वि.

रागावू कशाला? तू वल्हं टाकून दिलंस तर तुझ्या जागी दुसरा बसेल आणि तुझं डोकं जाईल. तू तिथेच राहा. पण एक ऐक.

गाव जळत होतं तेव्हा धक्क्यावर आपण तिघं उभे होतो. तू बारा वर्षांचा, अरी सात वर्षांची. तिच्या पायात चप्पल नव्हती म्हणून मी तिला कडेवर घेतलं होतं. जहाजं भरून जात होती, कुणी हात देत नव्हतं. सोरच्या एका बाईने आपल्या मडक्यांची चळत पाण्यात लोटली आणि आपल्याला जागा केली. तीच मत्तानची आई. तीच आता अंथरुणावर आहे. अरी तिला सोडणार नाही आणि मी अरीला तसं सांगू शकत नाही.

इथे कुजबुज आहे की आपल्या सीदोनच्या खलाशांपैकी पुष्कळांचे सोरमध्ये सोयरे आहेत आणि तट पडेल त्या दिवशी ते आपापली माणसं शोधणार आहेत. तू त्यांच्यात आहेस ना? असशील तर उत्तर लिहू नकोस. नसशील तरच लिही. तळघर मी रिकामं करून ठेवलंय.

सांभाळून राहा रे. माझं म्हणून तू आणि ती, एवढंच आहे.
बत्नोआम


सोर,
त्याच महिन्याच्या अखेरीस

ती. ताईस बोदूचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र अरीच्याच हाती देतोय. तिच्यासोबत साठ जण आहेत. जहाज लुटीचा माल पोचवायला चाललंय असं सांगून तांडेल निघतोय. मला मात्र इथेच थांबायचा हुकूम आहे.

तट पडला. देवळात आसरा घेतलेल्यांना हात लावायचा नाही, बाकी कुणाला सोडायचं नाही, असा हुकूम सुटला. आम्ही सीदोनवाले मकदुनी लोकांच्या मागोमाग आत शिरलो आणि लूट करणाऱ्यांसारखे माणसं धरून धक्क्याकडे ढकलत सुटलो. शिव्या देत, लाथा मारत. कुणाला शंका येऊ नये म्हणून.

अरी सासूच्या उशाशी बसली होती. मी दिसताच तिने पाण्याचा तांब्या फेकून मारला. म्हातारीने मला ओळखलं. म्हणाली, फार उशीर केलास रे बाबा. दोघींना न्यायचं म्हटलं तर म्हातारीनेच मला वेड्यात काढलं. अंथरुणाला खिळलेल्या बाईला गुलाम करून कोण नेतं, नाक्यावरच तुम्हाला पकडतील, म्हणाली. मग मला म्हणाली, हिचे हात बांध आणि ओढत ने, जाताना दार लोटून घे. मी बांधले, ताई. दोर सैल ठेवून चाललं नसतं. अरी मनगटापाशी मला चावली. मी दार लोटून घेतलं. संध्याकाळपर्यंत ती गल्ली पेटली होती.

आता तुझ्यावर एक ओझं टाकतोय. राजाने हाती लागलेल्या दोन हजार पुरुषांना किनाऱ्यावर खांबांवर टांगलंय. भरावाकडून सातव्या खांबावर मत्तान आहे. अरीला मी सांगितलेलं नाही, जमलंच नाही. तू सांग. हळूच सांग. तिने वाटेत वाचू नये म्हणून या पत्राची घडी मेणाने बंद केलीय.

त्याच किनाऱ्यावर उद्या मेलकार्तच्या नावाने शर्यती आहेत. सीदोनच्या जहाजांचं राजाने भर सभेत कौतुक केलं म्हणे. सोरच्या राजालासुद्धा त्याने माफ केलं. उरलेल्यांना, तीस हजार म्हणतात, विकायला काढलंय.

ताई, मी बरं केलं की वाईट, मला कळेनासं झालंय. माया कमी करू नकोस.
बोदू


सीदोन,
द्राक्षतोडणीचा महिना, दिवस दुसरा

बोदूदादास अरिशतचा नमस्कार.

कुशल लिहायची रीत आहे, ती आज सोडून दे.

ताईला मला काही सांगावं लागलं नाही. जहाजाच्या फळीला फट होती आणि जहाज किनाऱ्याला धरून चाललं होतं. मी खांब मोजत होते. ताईच्या पत्रात तू सातवा लिहिलंस, मत्तान आठव्यावर होता.

साठांपैकी छप्पन्न जिवंत आहेत. ताईने सगळ्यांना शिडं शिवायला बसवलंय. सीदोनच्या माणसांत सोरचे लोक ओळखू येऊ नयेत म्हणून आम्ही त्यांच्यासारखं बोलायला शिकतोय. बाहेर बायका राजाच्या दयेबद्दल बोलतात. मी मान खाली घालून टाका घालते.

तुझ्यावर रागावू की तुझे पाय धरू, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्या जहाजाने भिंत पाडली त्याच जहाजातून मी वाचले. दोन्ही खरं आहे. तू घरी आलास तर मी दार उघडेन, पण लगेच बोलेन असं नाही.

काल धक्क्यावरून ऐकून आले की भिंती फोडायची यंत्रं घेऊन तुमची जहाजं आता गाझाला जाणार, आणि गाझानेही दार लावून घेतलंय. दादा, तुमच्या जहाजांवर कुणाचे सोयरे गाझात आहेत का, ते आत्तापासून विचारून ठेव. आणि तिथे आत शिरलात की आधी अंथरुणावरच्यांना उचला. मी मनगटांवर वळ घेऊन बसलेय, पण एका म्हातारीचं ओझं किती असतं ते मला माहीत आहे. रोज मी एकटी तिला उचलत होते.

अरिशत